रिकाम्या गाडीचे वजन : कागदावरचे आणि काट्यावरचे

यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी जिनिंगवर कापूस विकतो तेव्हा कापसाचे वजन कोणीच करत नाही. वाक्य चमत्कारिक वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी चढते आणि तिचे वजन होते. कापूस खाली झाल्यावर तीच गाडी पुन्हा चढते आणि पुन्हा वजन होते. दोन्ही वेळा काट्यावर असते ती गाडी. कापसाचे वजन म्हणून पावतीवर जो आकडा येतो तो या दोन वजनांच्या वजाबाकीचा. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे जितके भरलेल्या गाडीच्या वजनावर अवलंबून असतात, तितकेच रिकाम्या गाडीच्या वजनावरही असतात. पहिल्या आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

या दुसऱ्या आकड्याचा शोध हा गेली काही वर्षे माझा छंद आहे. मी अभियंता नाही आणि मापनशास्त्र कोणत्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. काटापावत्या, गाड्यांची नोंदणीपुस्तके, कंपन्यांची माहितीपत्रके आणि कायद्याची पुस्तके समोर ठेवून जे समजत गेले ते इथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे. गाडी बनवणारा तिचे जे वजन सांगतो, नोंदणीपुस्तकात जे लिहिले जाते आणि हौद्याच्या बाजूला रंगाने जे रंगवले जाते, ते कितपत खरे असते? आणि खरे नसेल तर फरकाचा भार कोणावर पडतो?

धडा

मराठीत या गोष्टीसाठी एक जुना, नेमका शब्द आहे : धडा. तेल आणायला गेलेल्या माणसाचे रिकामे भांडे दुकानदार एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात खडे किंवा लोखंडाचे तुकडे टाकून तराजू समतोल करी. याला ‘धडा करणे’ म्हणत. त्यानंतरच तेल ओतायचे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की धडा प्रत्येक भांड्याचा, प्रत्येक वेळी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होई. ‘तुमचे भांडे साधारण पाव शेराचे असेल’ असे म्हणून कोणी तेल मोजले असते तर गिऱ्हाइकाने ते चालवून घेतले नसते.

वऱ्हाडाच्या कापूस बाजाराचा इतिहासही बराचसा वजनावरच्या अविश्वासाचा इतिहास आहे. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला; देशातला तो पहिला मानला जातो. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. यवतमाळ जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी जिल्हा असे होते. 1905 मध्ये ते बदलले. परक्या सरकारला हा कायदा का करावासा वाटला, तर मँचेस्टरला जाणारा कापूस सुरळीत मिळावा म्हणून. कारण काही असो, बाजाराला नियम हवेत, वजनाला साक्षीदार हवा आणि मनमानी कपातीला आळा हवा हे तत्त्व आपल्या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात आले. तेव्हा तक्रार होती ती मापाची आणि कडत्याची, म्हणजे पोते, कचरा, घट अशा नावांखाली वजनातून होणाऱ्या कापणीची.

1956 च्या वजनमाप कायद्याने आणि 1958 पासून आलेल्या मेट्रिक मापांनी मण, शेर आणि खंडी यांचा गोंधळ बराच मिटवला. बराच म्हणण्याचे कारण, रुईचा भाव बाजारात अजूनही खंडीवर बोलला जातो आणि ती खंडी 355.62 किलोची असते, कारण ती 784 पौंडांची होती. बंडी जाऊन ट्रॅक्टर-ट्रॉली आली, मग पिकअप आणि ट्रक आले. वजन किलोत आले आणि काटा इलेक्ट्रॉनिक झाला. धडा मात्र भांड्याचा होता तो गाडीचा झाला, आणि दोन किलोच्या जागी दोन हजार किलोचा झाला.

कंपनी नक्की कशाचे वजन सांगते?

ट्रकच्या नावातच वजन असते हे फार जणांच्या लक्षात येत नाही. टाटांच्या जुन्या 1210 या गाडीच्या नावातले 12 म्हणजे भरलेल्या गाडीचे साधारण 12 टन, आणि 10 म्हणजे सुमारे 100 अश्वशक्ती. 1613 म्हणजे 16 टन आणि 130 अश्वशक्ती. आपल्या गावोगावी धावणारी 407 म्हणजे चार टन आणि सत्तर अश्वशक्ती. हे आकडे स्थूल आहेत, ओळखीपुरते आहेत, आणि त्यांच्याकडून कोणी किलोची अपेक्षा करत नाही.

माहितीपत्रकातले वजन मात्र किलोत दिलेले असते. तिथे दोन आकडे पाहायचे. एक, भरलेल्या गाडीचे कमाल वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. दुसरा, रिकाम्या गाडीचे वजन, म्हणजे कर्ब वेट. पहिला आकडा ही मर्यादा आहे. ती ठरवलेली असते, मोजलेली नसते. दुसरा मोजलेला असतो आणि घोळ त्यातच आहे.

आपल्याकडे मोठे ट्रक बरेचदा चेसिस म्हणून विकले जातात : सांगाडा, इंजिन, चाके आणि फार तर केबिन. हौदा नंतर बांधतात, बॉडी बिल्डरच्या कारखान्यात, मालकाच्या गरजेप्रमाणे. कापूस वाहणाऱ्याला उंच बाजू आणि जाळी हवी असते, कोळसा आणि गिट्टी वाहणाऱ्याला जाड पत्र्याचा तळ हवा असतो, तर गाई-म्हशी नेणाऱ्याला लाकडी फळ्यांचा. केबिनसह चेसिसचे जे वजन कंपनी छापते त्यात यातले काहीच नसते, आणि असूही शकत नाही. कंपनी खोटे बोलते असे यातून म्हणता येत नाही. तिने उत्तर दिले आहे ते एका वेगळ्या प्रश्नाचे. वाचणारा मात्र ते आपल्या गाडीचे वजन समजतो.

हौदा किती फरक पाडतो ते साध्या गुणाकाराने दिसते. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. सहा मीटर लांब आणि 2.3 मीटर रुंद हौद्याचा तळ 13.8 चौरस मीटरचा होतो. मालकाने तीन मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटरचा पत्रा टाकायला सांगितला, तर केवळ तळाचे वजन 217 किलोने वाढते. बाजू, फाळका आणि आडवे चॅनेल यांचा हिशेब वेगळा.

लाकडाची गोष्ट आणखी गमतीची आहे. एक घनमीटर फळ्या 12 टक्के ओलाव्याला 700 किलो भरत असतील, तर त्याच फळ्या पावसाळ्यात 25 टक्के ओलाव्याला सुमारे 780 किलो भरतात. मे महिन्यात पासिंगला गेलेली गाडी आणि ऑगस्टमधली तीच गाडी यांच्यात ऐंशी किलोचे अंतर केवळ पाण्याचे असू शकते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, 1988 च्या दुसऱ्या कलमात रिकाम्या गाडीच्या वजनाची व्याख्या आहे. गाडी कामावर असताना तिच्यासोबत सामान्यपणे वापरले जाणारे सर्व साहित्य त्या वजनात धरायचे. चालक आणि मदतनीस धरायचे नाहीत. गाडीला आलटून पालटून वेगवेगळे हौदे किंवा भाग लावले जात असतील, तर त्यांतला सर्वांत जड लावून जे वजन होईल ते गाडीचे रिकामे वजन.

ही व्याख्या मला शहाणपणाची वाटते. स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोर, साखळदंड हे सगळे ‘सामान्यपणे वापरले जाणारे साहित्य’ होय. जड हौदा धरा असे सांगून कायद्याने हलक्या आकड्याचा मोह आधीच बंद केला आहे. मात्र या व्याख्येत इंधनाचा उल्लेख नाही. डिझेल लिटरला साधारण 0.83 किलो भरते. तीनशे लिटरची टाकी भरलेली आणि रिती यांत अडीचशे किलोंचा फरक पडतो. युरोपात ‘चालू स्थितीतले वजन’ म्हणजे टाकी नव्वद टक्के भरलेली आणि 75 किलोचा चालक बसलेला, असे स्पष्ट लिहिलेले असते. आकड्यामागची अट लिहिलेली असली की वाद कमी होतात.

नोंदणीच्या वेळी हा आकडा कागदांवरून कागदावर जातो. विक्रीचा दाखला नमुना 21 मध्ये, कंपनीचे प्रमाणपत्र नमुना 22 मध्ये, हौदा वेगळा बांधला असेल तर नमुना 22-अ. तिथून तो नोंदणीपुस्तकात येतो आणि एमएच 29 च्या पाटीबरोबर गाडीला जन्मभर चिकटतो. गाडीत पुढे काही बदल केले तर ते नोंदवून घ्यायचे असतात. कलम 52 त्यासाठीच आहे. पण पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातला, तळावर दुसरा पत्रा मारला किंवा केबिनवर सामानाचा कठडा बसवला, हे बदल गॅरेजमध्ये होतात आणि गॅरेजमध्येच राहतात. नोंदणीपुस्तकात गाडीचे वय वाढत जाते. वजन आहे तिथेच थांबते.

साखरेच्या एक किलोच्या पुडीवर लिहिलेले वजन आणि आतले वजन यांत किती फरक चालतो हे आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत दिलेले आहे : 15 ग्रॅम. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला एक टक्का, म्हणजे अर्धा किलो. नोंदणीपुस्तकावर मात्र रिकाम्या वजनाचा नुसता आकडा असतो. तो किती किलोने इकडेतिकडे असू शकतो याची खूण शेजारी नसते.

फरकाचा भार : मालक आणि रस्ता

हा फरक दोन ठिकाणी दोन उलट दिशांनी काम करतो. पहिले ठिकाण रस्ता.

जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने आसांवरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या ट्रकची कमाल मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली : पुढच्या आसावर 7 आणि चार चाकांच्या मागच्या आसावर 11.5. आता एक हिशेब मांडू. यातले रिकामे वजन केवळ उदाहरणासाठी घेतले आहे. समजा, अशा ट्रकच्या नोंदणीपुस्तकात रिकामे वजन 6,200 किलो आहे. मालक वजाबाकी करतो आणि 12,300 किलो माल भरतो. कागदोपत्री तो काटेकोर कायद्यात आहे.

आता कागदावर नसलेल्या गोष्टी जोडू. भरलेली टाकी 250 किलो. चालक आणि क्लीनर 130. दुसरी स्टेपनी 100. ताडपत्री, दोर आणि साखळ्या 80. तळाचा जाड पत्रा 217. बेरीज 777 किलो. काट्यावर गाडी 18,500 ऐवजी 19,277 भरते. कायद्याच्या 194 व्या कलमाप्रमाणे 2019 पासून जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च मालकाचा. या माणसाने हाव धरली नव्हती. त्याने फक्त कागदावर विश्वास ठेवला होता.

राष्ट्रीय महामार्ग 44 आपल्या जिल्ह्यातून पांढरकवड्यावरून तेलंगणाकडे जातो. वणी भागातून कोळसा निघतो, मुकुटबनकडून सिमेंट निघते. 114 व्या कलमाप्रमाणे अधिकारी संशय आल्यास गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. त्या काट्यावर कागदातले रिकामे वजन कामाला येत नाही. तिथे एकच आकडा असतो आणि तो खरा असतो.

दंड भरून हिशेब मिटला असेही नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वरच्या उदाहरणातले सहाशे किलो मागच्या आसावर आले तर तिथला भार 11.5 टनांचा 12.1 होतो, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढतो. रस्त्याची झीज मात्र सुमारे 22 टक्क्यांनी वाढते. वणीच्या रस्त्यांवरून दुचाकीने जाणाऱ्याला हे चौथे घात पाठीच्या कण्यातून कळतात.

वजनाच्या आकड्याला परवान्याचीही एक बाजू आहे. हलके मोटार वाहन म्हणजे 7,500 किलोपर्यंतचे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस 7,500 किलोच्या आतले मालवाहू वाहनही चालवू शकतो. अपघातानंतर विम्याची भरपाई मिळणार की नाही हा प्रश्न अनेक घरांत या एका आकड्याशी येऊन अडला होता.

फरकाचा भार : शेतकरी आणि खरेदीदार

दुसरे ठिकाण जिनिंगचा काटा. रस्त्यावर खरे वजन कागदापेक्षा जास्त निघाले तर मालकाचे नुकसान होते. इथे मामला उलटा आहे. रिकामी गाडी प्रत्यक्षात जड असेल आणि कागदावरचा हलका आकडा वजा केला, तर कापसाचे वजन फुगते आणि खरेदीदार बुडतो. रिकामी गाडी प्रत्यक्षात हलकी असेल आणि जड आकडा वजा केला, तर शेतकरी बुडतो.

कागदापेक्षा गाडी हलकी कशी होईल? टाकी तळाला गेलेली असते. स्टेपनी पंक्चरच्या दुकानात असते. फाळका काढून ठेवलेला असतो. किंवा गेल्या फेरीला भरलेल्या टाकीने आणि दोन माणसांसकट घेतलेला आकडाच याही फेरीला वापरला जातो. रांग लांब असते, रात्र होते, काट्यावरचा माणूस म्हणतो, ‘गाडी तीच हाय ना, मंग वजन बी तेच.’ दिसायला सोय, पण ती कोणाच्या तरी खिशातून जाते.

पंधरा क्विंटल कापसाची पिकअप घेऊ. रिकाम्या वजनात चाळीस किलोची चूक झाली. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. चाळीस किलोचे 3,244 रुपये झाले. याची तुलना ओलाव्याशी करून पाहा. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो आणि बारा टक्क्यांपर्यंत दर जादा टक्क्याला भाव एक टक्का कमी होतो. पंधरा क्विंटलवर एक टक्का म्हणजे पंधरा किलोची किंमत. ओलावा नऊ की दहा यावर फाटकाशी भांडणे होतात, मीटर पुन्हा लावायला सांगतात, बोंडे हातात चुरगाळून दाखवतात. त्याच्या अडीचपटीहून मोठी चूक रिकाम्या वजनाच्या रकान्यात निमूटपणे बसलेली असू शकते.

माणसांचाही हिशेब असतो. भरलेल्या वजनाच्या वेळी चालक आणि हमाल खाली उतरले आणि रिकाम्या वजनाच्या वेळी दोघे केबिनमध्ये बसून राहिले, तर कापूस 130 किलोने घटतो. उलट झाले तर तेवढाच वाढतो. कोणी मुद्दाम केले काय आणि सहज झाले काय, काट्याला हेतू कळत नाही.

काळ्या मातीचा मामला मात्र वजाबाकीने सुटतो. पावसात आलेल्या गाडीच्या चाकांना आणि मडगार्डला चिखल चिकटलेला असतो. तो भरलेल्या वजनात असतो आणि खाली केल्यावर लगेच मोजले तर रिकाम्या वजनातही असतो, दोन्हीकडून कटतो. पण रिकामे वजन कागदावरून घेतले तर तोच चिखल कापूस म्हणून विकला जातो. म्हणजे दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच काट्यावर, त्याच स्थितीत करणे ही एका बाजूची सोय नाही. प्रामाणिक खरेदीदारालाही तिची तितकीच गरज आहे.

काट्याची स्वतःची चूक

मग काटा तरी किती खरा? आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर 76 या शिफारशीत वजनयंत्रांचे वर्ग आणि चुकीच्या मर्यादा दिल्या आहेत. गाड्यांचे काटे साधारणपणे तिसऱ्या वर्गात येतात. काट्याचा सर्वांत लहान विभाग दहा किलोचा असेल, तर पाच टनांपर्यंत पडताळणीच्या वेळी पाच किलोची आणि वापरात असताना दहा किलोची चूक चालते. पुढे वीस टनांपर्यंत ती दुप्पट होते.

म्हणजे पिकअपच्या दोन वजनांत, सगळे नियमात असूनही, अगदी वाईट योग जुळून आला तर वीस किलोंचा फरक पडू शकतो. प्रत्यक्षात तो बराच कमी राहतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काट्याच्या चुका मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक शून्याची चूक : रिकामा काटाच वीस किलो दाखवतो. ही दोन्ही वजनांत सारखीच येते आणि वजाबाकीत नाहीशी होते. दुसरी प्रमाणाची चूक : काटा दर हजाराला तीन किलो कमी दाखवतो. ही वजाबाकीतून जात नाही. पंधरा क्विंटलवर साडेचार किलो खातेच. पण भरलेले वजन एका काट्यावर आणि रिकामे दुसऱ्या काट्यावर केले, किंवा रिकामे वजन कागदावरून घेतले, तर शून्याची चूकही पुरेपूर अंगावर येते. चांगल्या काट्याचा उपयोगही अर्धाच होतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा भांडण उकरून काढण्याचा प्रकार नव्हे. रेल्वेच्या वेळापत्रकाकडे पाहावे तितके ते साधे आहे.

जगात इतरत्र

हा प्रश्न आपल्या मातीपुरता नाही. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यावर ठेवायचे छोटे घर मिळते, त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत पलंग, चूल, फ्रीज आणि पाण्याची टाकी असते. ते बनवणारे ‘कोरडे वजन’ सांगत. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या, वातानुकूलन यंत्र, यांतले काही धरलेले नसे. पाणी लिटरला एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच वाढले. पिकअपची पेलण्याची ताकद मर्यादित, आणि वळणावर उंच घर डोलू लागले की फरकाचे उत्तर जिवाने द्यावे लागते.

तिथल्या संघराज्य नियमांनी यावर काढलेला उपाय मला आवडतो. कॅम्पर बनवणाऱ्याने घरावर पट्टी लावायची आणि तिच्यावर लिहायचे : इतके पाणी, इतका गॅस, इतक्या मापाचा फ्रीज आणि मूळ साहित्य धरून या घराचे कमाल वजन इतके. आकडा अचूक असलाच पाहिजे हा एक भाग झाला. आकड्यात काय काय धरले आहे हे त्याच ओळीत सांगणे हा दुसरा आणि अधिक उपयोगाचा भाग. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. मालवाहू चेसिसवर घरे बांधली जाऊ लागली की हाच प्रश्न आपल्या बॉडी बिल्डरांच्या दारात येईल.

काय करता येईल

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे. कंपनीने सांगितलेले वजन बहुतेक वेळा खोटे नसते. ते एका विशिष्ट गाडीचे, एका विशिष्ट स्थितीतले, एका विशिष्ट दिवसाचे वजन असते. गाडी बदलते, आकडा बदलत नाही, आणि तो कायमचा धरून चालणारा माणूस फरक दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ढकलतो. बाजारात तो दुसरा माणूस ज्याला उत्तर द्यायला वेळ नाही आणि हिशेब विचारायला धीर होत नाही असा असतो. बहुधा भाड्याच्या गाडीत कापूस भरून आणणारा लहान शेतकरी. गाडी त्याची नसते, तिचे कागद त्याने पाहिलेले नसतात, आणि तिचे रिकामे वजन मात्र त्याच्या कापसातून वजा होते.

उपाय खर्चाचे नाहीत. ट्रकमालकाने हौदा बांधून झाल्यावर, टाकी भरून, सगळे साहित्य गाडीत ठेवून एकदा काट्यावर जावे आणि ती पावती कागदांसोबत ठेवावी. बॉडी बिल्डरने आपल्या बिलावर हौद्याचे वजन लिहावे. पत्र्याचा भाव तो किलोनेच देतो, तेव्हा आकडा त्याच्याकडे असतोच. नोंदणीपुस्तकातल्या रिकाम्या वजनाशेजारी टाकी भरलेली की रिकामी एवढे दोन शब्द आले तरी पुष्कळ झाले.

आणि कापूस विकणाऱ्याने पावतीवर चार गोष्टी पाहाव्यात : भरलेले वजन आणि त्याची वेळ, रिकामे वजन आणि त्याची वेळ. दोन वेळांमध्ये कापूस खाली करायला लागेल इतके अंतर दिसले पाहिजे. रिकाम्या वजनासमोर वेळ नसेल, किंवा गेल्या फेरीचाच आकडा किलोला किलो जुळत असेल, तर गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला सांगावे. दोन्ही वजनांच्या वेळी गाडीत तीच माणसे असावीत किंवा कोणीच नसावे. तेलाच्या भांड्याचा धडा डोळ्यांसमोर करून मागण्याचा हक्क आपल्या आजीला होता आणि तो ती न लाजता बजावत असे. गाडी मोठी झाली म्हणून तो हक्क लहान होत नाही.